बकिंगहॅम कालवा : जतन कशाचे आणि कोणासाठी?

प्राचीन देवालये, किल्ले व लेणी यांचे जतन झाले पाहिजे, याविषयी सुशिक्षित समाजात आज फारसा मतभेद राहिलेला नाही. परंतु कालव्याचा विषय निघाला की तेच लोक गोंधळतात. देवालय स्थिर असते. त्याच्या भिंती सावरल्या, छप्पर गळू दिले नाही, म्हणजे जतनाचे बरेचसे कार्य पार पडते. कालव्याचे तसे नाही. कालवा म्हणजे केवळ दोन काठ नव्हेत. त्या दोन काठांमधून पाणी हलते राहणे, हाच कालवा होय. काठ दगडांनी सुरेख बांधले, त्यांवर दिवे लावले, आणि मधले पाणी मात्र कुजत राहिले, तर जे उरेल त्यास कालवा म्हणता येणार नाही. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील बकिंगहॅम कालव्याच्या उदाहरणाने या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

हा कालवा आंध्र प्रदेशातील पेद्दगंजाम येथून निघून चेन्नई शहरामधून तमिळनाडूतील मरक्काणमपर्यंत जातो. त्याची लांबी सुमारे ४२० किलोमीटर असून त्यापैकी सुमारे २५७ किलोमीटर आंध्रात व १६३ किलोमीटर तमिळनाडूत आहे. कोरोमांडेल किनाऱ्यालगत वाळूच्या पट्ट्यांमागे खाऱ्या पाण्याची जी नैसर्गिक खाजणे आहेत, ती एकमेकांस जोडून हा मार्ग सिद्ध झाला. त्याचा मद्रास ते एन्नोर हा पहिला भाग १८०६ मध्ये बॅसिल कॉक्रन याने खाजगी व्यवसाय म्हणून पुरा केला. १८३७ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला व पुढे उत्तरेस आणि दक्षिणेस तो क्रमाक्रमाने वाढत गेला. मीठ, तांदूळ, शिंपल्यांचा चुना आणि सरपण यांनी भरलेल्या नावा या मार्गाने मद्रासला येत. पेद्दगंजामपासून पुढे कोम्मामूर कालव्याने कृष्णेपर्यंत जाता येई.

मद्रास शहरातील कूवम व अड्यार या दोन नद्यांना जोडणारा सुमारे ८ किलोमीटरचा दुवा मात्र व्यापाराच्या भरभराटीतून निर्माण झालेला नाही. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात अन्नासाठी शहराकडे धावलेल्या लोकांकडून तो दुष्काळी काम म्हणून खोदवून घेण्यात आला. हाच दुष्काळ सातारा-सोलापूरकडील मराठी प्रदेशानेही भोगला आहे. सर रिचर्ड टेम्पल यांनी १८७७ च्या आरंभी दुष्काळी कामावरील प्रौढ पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य व एक आणा इतकी उतरविली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या अपुऱ्या मजुरीविरुद्ध आवाज उठविला, हे आपल्याकडील इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. १८७८ मध्ये कालव्यास त्या वेळचे मद्रासचे गव्हर्नर, बकिंगहॅमचे ड्यूक, यांचे नाव मिळाले. ज्यांनी तो खोदला त्यांची नावे कोठेच कोरलेली नाहीत. या कालव्यास ऐतिहासिक म्हणावयाचे ते प्रामुख्याने याच कारणासाठी, असे माझे मत आहे. तो एका गव्हर्नरचे स्मारक नसून भुकेल्या माणसांच्या श्रमाचे स्मारक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रास ते विजयवाडा हा लोहमार्ग पुरा झाला. पुढे मोटारींचे रस्ते आले आणि नावांची वाहतूक ओसरू लागली. १९६५ व १९६६ मधील चक्रीवादळांनी कालव्याची बरीच मोडतोड केली, आणि त्यानंतर तो पूर्वस्थितीस आलाच नाही. चेन्नई शहरात तर उन्नत लोहमार्गाचे खांब कालव्याच्या पात्रातच उभारण्यात आले. त्या मार्गाचा पहिला टप्पा १९९५ मध्ये सुरू झाला, १९९७ मध्ये तो मयिलापूरपर्यंत आणि २००७ मध्ये वेळचेरीपर्यंत पोहोचला. पात्र आकुंचित झाले, गाळ साचला आणि शहराचे सांडपाणी विनासायास सोडून देण्याची जागा म्हणून कालव्याकडे पाहिले जाऊ लागले.

येथे थोडे शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे. हा कालवा समुद्रसपाटीच्या पातळीवर, किनाऱ्याला समांतर असा वाहतो. त्यास स्वतःचा असा उतार जवळजवळ नाही. त्यातील पाणी हलते ते भरती-ओहोटीमुळे, आणि भरतीचे पाणी आत येते ते नद्यांच्या मुखांतून व खाड्यांतून. किनाऱ्यालगत वाहणारी वाळू पावसाळ्याखेरीजच्या महिन्यांत ही मुखे बुजवून टाकते. मुख बुजले की भरती थांबते. भरती थांबली की पाणी साचते. साचलेल्या पाण्यात मैला पडला म्हणजे जंतू त्यातील विरघळलेला प्राणवायू लवकरच संपवितात. त्यानंतर प्राणवायूशिवाय जगणारे दुसऱ्या जातीचे जंतू खाऱ्या पाण्यातील सल्फेटवर आपली गुजराण करतात व हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू बाहेर टाकतात. काठावरून जाणारा माणूस नाकाला रुमाल लावतो, त्याचे कारण हे आहे. सुशोभनाने या रासायनिक क्रियेत तिळमात्र फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट पुराची. पसरट पात्रातील पाण्याची खोली निम्मी झाली, तर त्याची वहनक्षमता निम्मी होत नाही. ती सुमारे एक तृतीयांशावर येते. म्हणून थोडा वाटणारा गाळही पुराच्या वेळी फार महाग पडतो. चेन्नईच्या दक्षिणेकडील पळ्ळिकरणै दलदलीचे पाणी ओक्कियम मडुवू या वाटेने याच कालव्यात येते व पुढे कोवळमच्या खाडीतून समुद्रास मिळते. ही वाट अरुंद झाली की पाणी वस्तीत शिरते. २०१५ च्या डिसेंबरातील महापुराने पाण्याची वाट अडविण्याचे परिणाम सर्व शहरास दाखविले. उलट, २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत लाटेचे पाणी कालव्याने सामावून घेतल्यामुळे काही भागांत जीवितहानी टळली, असे निरीक्षण अभ्यासकांनी नोंदविले आहे. डिसेंबर २०२३ च्या चक्रीवादळाच्या पुरात मणलीच्या औद्योगिक भागातील तेल याच कालव्यावाटे एन्नोरच्या खाडीत पसरले आणि मासेमारांच्या उपजीविकेवर घाला पडला. जी वाट पाणी वाहून नेते, ती विषही वाहून नेते, हा त्यातील बोध होय.

मग योजना कशी असावी? याविषयी तीन मते ऐकू येतात. पहिले असे, की कालवा आता निरुपयोगी झाला असल्याने त्यावर आच्छादन घालून रस्ता करावा. वर सांगितलेले पुराचे गणित ध्यानी घेतले म्हणजे हे मत टिकत नाही. झाकलेल्या पात्रातील गाळ काढणे दुष्कर होते आणि पाणी आपली वाट दुसरीकडे शोधते. दुसरे मत असे, की संपूर्ण मार्गावर पुन्हा मालवाहतूक सुरू करावी. २००८ मध्ये हा कालवा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ चा भाग म्हणून घोषित झाला आहे, आणि उत्तरेकडील मोकळ्या भागात नावांचा विचार अवश्य व्हावा. परंतु शहरातील खांबांच्या रांगांतून मोठ्या नावा कशा नेणार, याचे समाधानकारक उत्तर या मताजवळ नाही. तिसरे मत सुशोभनाचे. त्यात काठावरच्या बागेला अग्रस्थान असते व मैल्याचा प्रश्न मागून सोडविण्याचे आश्वासन असते.

माझ्या मते या तिसऱ्या योजनेचा क्रम उलटा केला पाहिजे. प्रथम सांडपाणी अडवावे व शुद्ध केल्याविना एक थेंबही पात्रात सोडू नये. दुसऱ्याने गाळ काढून आणि नदीमुखे मोकळी ठेवून भरतीस आत येऊ द्यावे. बागा, पायवाटा आणि लहान होड्या हे तिसरे पाऊल. तसेच ४२० किलोमीटरसाठी एकच साचा वापरू नये. शहरात पुराचा निचरा व पायी फिरण्याची जागा, पुलिकत सरोवराच्या परिसरात पक्षी व मासे यांचे संरक्षण, आणि उत्तरेच्या ग्रामीण भागात जलवाहतूक, असे निरनिराळे उद्देश ठेवावेत. जेथे जुने जलपाश, म्हणजे नावांसाठी पाण्याची पातळी सांभाळणारे दुहेरी दरवाजे, शिल्लक आहेत तेथे ते दुरुस्त करून शाळांतील मुलांस त्यांचे कार्य प्रत्यक्ष दाखवावे. कालवा दोन राज्यांतून व अनेक खात्यांच्या हातांतून जातो. जबाबदारीची सीमारेषा मात्र पाणी ओळखत नाही. यास्तव दोन्ही राज्यांचे एक संयुक्त मंडळ नेमून पाण्याच्या शुद्धतेची मोजमापे दरमहा लोकांसमोर मांडली जावीत.

परदेशातील एक दाखला येथे उपयुक्त ठरेल. इंग्लंडमधील केनेट व एव्हन हा कालवा १८१० मध्ये पुरा झाला आणि विसाव्या शतकाच्या मध्यास वाहतुकीस निरुपयोगी झाला. तेथील स्वयंसेवकांनी व स्थानिक संस्थांनी अनेक दशके परिश्रम केले आणि १९९० मध्ये तो पुन्हा सलग खुला झाला. त्यांनी प्रथम पाणी व दरवाजे पूर्ववत केले. प्रवासी त्यामागून आले. तेथील परिस्थिती आपल्याहून भिन्न आहे खरी, पण कामाचा क्रम आपणांस घेण्यासारखा आहे.

शेवटचा प्रश्न काठावर राहणाऱ्या गरिबांचा आहे. कालवा स्वच्छ करण्याची भाषा निघाली की सर्वांत आधी त्यांच्या झोपड्यांकडे बोट दाखविले जाते. पात्रातील झोपडी पुराच्या मार्गात आहे आणि तेथे राहणाऱ्यांच्या जिवासही धोका आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पात्रातील सिमेंटचे खांब झोपडीवाल्यांनी उभारलेले नाहीत. मोठमोठ्या इमारतींचा मैलाही त्यांचा नव्हे. त्यांना हलवावयाचे तर त्यांच्या कामधंद्याच्या व मुलांच्या शाळांच्या जवळ, त्यांच्याशी विचारविनिमय करून हलवावे. शहराबाहेर दूर कोठे तरी नेऊन टाकणे हे जतन नव्हे. भुकेल्यांनी खोदलेल्या कालव्याच्या काठावरून गरिबांस हाकलून तेथे इतरांसाठी बाग करणे हा इतिहासाचा सन्मान होऊ शकत नाही.

ऐतिहासिक वस्तू जपावयाची म्हणजे तिला काचेच्या कपाटात ठेवावयाचे, असा अर्थ नाही. ज्या कामासाठी ती जन्मास आली ते काम, किंवा त्या जागी आजच्या गरजेचे दुसरे काम, तिच्याकडून होत राहिले पाहिजे. बकिंगहॅम कालव्याने पूर्वी सरपण व मीठ वाहिले. आता पुराचे पाणी सुखरूप समुद्रास पोहोचविणे आणि लाखो नागरिकांस श्वास घेण्याजोगी मोकळी जागा देणे, हे काम त्याच्यापुढे आहे. ते त्याच्याकडून करून घ्यावयाचे की नाही, हे आजच्या पिढीच्या निर्णयावर अवलंबून आहे.