कोलंबसाचा 'दोन'

३० एप्रिल १४९२. ग्रानादात राणी इसाबेल आणि राजा फर्नांडो यांनी कोलंबसाला सनद दिली. जे मुलूख अजून कुणी पाहिलेही नव्हते त्यांची सुभेदारी तिच्यात होती, आरमारप्रमुखाचं पद होतं आणि जोडीला नावाआधी 'दोन' लावण्याची मुभा. जिनोआच्या विणकराच्या पोराला या शेवटच्या कलमाचं अप्रूप नक्कीच असणार.

'दोन' म्हणजेच आपला डॉन. स्पॅनिश 'द' दंत्य, त्यामुळे मराठी कानाला तो चक्क आकडा वाटतो. मूळ लॅटिन 'दोमिनुस', म्हणजे धनी.

याची खोड अशी की तो पहिल्या नावालाच चिकटतो. दोन होसे चालतं, दोन गार्सिया खटकतं. नुसत्या आडनावाला 'सेन्योर'. बाईसाठी 'दोन्या'. मराठी माणसाला हे पटकन उमगावं. माधवराव म्हणण्यात आदर आहे. 'कुलकर्णीराव' म्हटलं की समजावं, टोमणा येतोय.

या बिरुदाची खरी गंमत उडवली ती सर्व्हांतेसने. १६०५च्या कादंबरीतला त्याचा किरकोळ जमीनदार घोड्याचं नाव ठरवायला चार दिवस घेतो, स्वतःचं ठरवायला आठ, आणि कुणी न देताच 'दोन' लावून मोकळा होतो. गावातले त्याच्या बरोबरीचे लोक कुरकुरतात: चार द्राक्षवेली नि वीतभर जमीन, आणि म्हणे दोन किहोते! हे १६१५च्या दुसऱ्या भागात त्याला सांगतो त्याचा सेवक सांचो. पुढे सांचोला एका गावाचा कारभार मिळतो आणि तिथल्या भिंतीवर त्याचंही नाव 'दोन'सकट झळकतं. तो वैतागतो. आपल्या सात पिढ्यांत कुणी दोन नव्हता, हे तो ठणकावून सांगतो.

आज स्पेनमध्ये सनद लागत नाही. पाकिटावर नावाआधी 'डी' आणि टिंब असतं. खेड्यात डॉक्टर, मास्तर, पाद्री यांना जुनी मंडळी अजून 'दोन' म्हणतात. ज्याला कुणी विचारत नाही, तो 'दोन नादिए', म्हणजे श्रीयुत कुणीच नाही.

मुंबईत हा शब्द दोन दारांनी आला. इटलीत पाद्र्यांनाही दोन म्हणतात, म्हणून माटुंग्याची शाळा डॉन बॉस्को. दुसरं दार सिसिलीचं: १९६९ची 'गॉडफादर' कादंबरी, १९७८चा अमिताभ, आणि मग थेट पोलिसांच्या बातम्या. ब्रॅडमनचा मात्र यात काही संबंध नाही. तो नुसता डोनाल्ड.