भांडण भावांचे, गल्ला मालकाचा

जॉन फोगर्टीने ऐंशीव्या वर्षी आपलीच जुनी गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘लेगसी’ हा अल्बम आला आणि ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ हा बँड कसा बुडाला याच्या कहाण्या पुन्हा निघाल्या. कहाणी सगळ्यांना पाठ आहे. धाकटा भाऊ हेकेखोर, थोरला दुखावलेला, दोघे दोस्त मधल्यामध्ये चेपलेले. भाऊबंदकीने बँड खाल्ला. ही कहाणी खोटी नाही. पण इतक्या चवीने सांगितली जाते, की करारपत्राकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एल सेरिटोची ही पोरे. जॉन, स्टू कूक आणि डग क्लिफर्ड शाळासोबती, टॉम हा जॉनचा थोरला भाऊ. फँटसी या मूळच्या जॅझच्या लहानशा कंपनीने त्यांना न विचारताच ‘गॉलिवॉग्ज’ असे बारसे करून टाकले होते. १९६७ मध्ये सॉल झँट्झने भागीदारांसह ही कंपनी विकत घेतली, बँडने नाव बदलले आणि पुढच्या तीन वर्षांत आक्रीत घडले. एकट्या १९६९ मध्ये तीन अल्बम, १९७० मध्ये आणखी दोन. त्यांतला ‘कॉस्मोज फॅक्टरी’ नऊ आठवडे बिलबोर्डच्या यादीत अव्वल होता. पाच सिंगल दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. पहिल्यावर एकही नाही, हे त्यांचे खास दुर्दैव. गाणी लुइझियानाच्या दलदलीची आणि मिसिसिपीच्या बोटींची, लिहिणारा मात्र कॅलिफोर्नियाचा. सदाशिव पेठेत बसून कोळीगीते लिहावीत, तसा हा प्रकार. पण अस्सल वाटत असे, हे खरे.

‘कॉस्मोज फॅक्टरी’ हे नाव गमतीचे नव्हते. कॉस्मो हे डगचे टोपणनाव आणि फॅक्टरी म्हणजे बर्कलेतली तालमीची जागा. आजूबाजूला हिप्पींचा धूर, आणि हे चौघे कामावर हजेरी लावावी तसे रोज तालमीला येत. कार्यक्रमाच्या वेळी दारू नाही, नशा नाही, असा जॉनचा दंडक होता. लिहिणार जॉन, गाणार जॉन, गिटारचे मुख्य काम जॉनचे, निर्माता जॉन. बँडला मॅनेजर नव्हता, म्हणून व्यवहारही जॉनच पाहणार. यादीतून नाव उतरले की लोक विसरतील, या धास्तीने तो एकामागून एक तबकड्या काढत सुटला होता. १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात त्यांची पाळी मध्यरात्र उलटल्यावर आली. कार्यक्रम मनासारखा झाला नाही म्हणून जॉनने महोत्सवावरच्या चित्रपटात त्याचे चित्रण येऊ दिले नाही, आणि पन्नास वर्षे अर्ध्या जगाला हे तिथे वाजवून गेल्याचा पत्ताच नव्हता.

अशा कारखान्यात संप होणारच. १९७१ च्या सुरुवातीला टॉम बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी १९७२ मध्ये ‘मार्डी ग्रा’ काढला. दहा गाण्यांपैकी चार जॉनने गायली, सहा स्टू आणि डगने. ही समान वाटणी त्या दोघांनी मागितली की जॉनने रागाने त्यांच्या गळ्यात मारली, यावर आजही दोन तोंडांच्या दोन गोष्टी आहेत. समीक्षकांनी अल्बम फाडून खाल्ला. ऑक्टोबर १९७२ मध्ये दुकान बंद. पहिल्या अल्बमपासून मोजले तरी कारकीर्द उण्यापुऱ्या चार वर्षांची.

इथवरचा दोष जॉनच्या पदरात घालायला हरकत नाही. पण बँड संपला तरी करार संपला नव्हता. जॉन एकटा झाला तरी फँटसीला गाणी देणे लागतच होता. सगळ्या गाण्यांचे प्रकाशनहक्क कंपनीकडे होते. त्यातून सुटण्यासाठी त्याला क्रीडन्सच्या तबकड्यांवरची आपली रॉयल्टी सोडून द्यावी लागली. कर वाचवण्यासाठी बहामातल्या कॅसल बँकेत ठेवलेली बँडची पुंजी बँकेबरोबरच बुडाली, ती वेगळीच. झँट्झचे तसे नव्हते. ‘वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट’, ‘अमाडेयस’, ‘द इंग्लिश पेशंट’ असे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारे तीन चित्रपट त्याने निर्माण केले. माणसाला कलेची जाण नव्हती, असे म्हणायची सोय नाही.

जॉन चिडून इतका हटून बसला, की कित्येक वर्षे त्याने क्रीडन्सची गाणी मंचावर गायलीच नाहीत. गायली तर पैसा झँट्झला. १९८७ मध्ये बॉब डिलनने त्याला ऐकवले, ‘प्राउड मेरी’ हे आपलेच गाणे तू गायला नाहीस तर लोक ते टीना टर्नरचे समजतील. ही हकिगत जॉननेच सांगितलेली. त्याआधी १९८५ च्या ‘सेंटरफील्ड’ अल्बमवरून फँटसीने त्याच्यावर दावा ठोकला होता. आरोप असा, की त्यातले एक नवे गाणे त्याने स्वतःच्याच एका जुन्या गाण्यावरून चोरले. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसलेला जॉन आपण गाणे रचतो कसे ते ज्यूरीला वाजवून दाखवत होता. ज्यूरीने त्याच्या बाजूने निकाल दिला. वकिलांच्या फीसाठी त्याला थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. कॉपीराइटच्या खटल्यात खर्च देववताना जिंकलेल्या प्रतिवादीला वादीहून कडक निकष लावता येणार नाही, असे न्यायालयाने १९९४ मध्ये ठरवले. अमेरिकेतले वकील आजही हा निवाडा दाखवतात.

दरम्यान ‘क्रॉनिकल’ हा १९७६ चा निवडक गाण्यांचा संच विकला जातच राहिला. आजही तो बिलबोर्डच्या पहिल्या दोनशेत सापडतो. ऱ्हास झाला तो माणसांचा. मालाचा कधी झालाच नाही. बँड फुटल्याचे दुःख व्यक्त करणाऱ्या लेखांत हा हिशेब क्वचितच असतो.

आपल्याला यात परके काही नाही. गायकाला रॉयल्टी हवी म्हणून लताबाई अडून बसल्या आणि एकदा मानधन घेतले की विषय संपला म्हणणाऱ्या रफींबरोबर काही वर्षे त्यांनी द्वंद्वगीते गायली नाहीत, हे आपण दोन मोठ्या गायकांचा रुसवा म्हणून चघळतो. मागणी कंपन्यांकडे होती, हे विसरून. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क लिहून देता येणार नाही, ही तरतूद आपल्या कायद्यात यायला २०१२ उजाडले.

जॉनला उशिरा का होईना न्याय मिळाला. फँटसीची मालकी कॉन्कॉर्ड या संगीत कंपनीकडे गेल्यावर रॉयल्टी पुन्हा सुरू झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याने आपल्या गाण्यांच्या प्रकाशनहक्कांचा मोठा हिस्सा परत विकत घेतला. टॉम ते पाहायला उरला नव्हता. रक्त चढवताना झालेल्या एड्सच्या लागणीने तो १९९० मध्येच गेला, धाकट्याशी समेट न होताच. तीन वर्षांनी बँडला ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये मान मिळाला, त्या रात्री जॉनने स्टू आणि डगबरोबर वाजवायला नकार दिला.

मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी अजूनही कॉन्कॉर्डचीच, आणि ‘लेगसी’ही त्यांनीच बाजारात आणला. नव्या मुद्रणात जॉनबरोबर त्याचे मुलगे आहेत. स्टूचा बेस आणि डगचा ड्रम नाही. जुने ‘प्राउड मेरी’ लावले तर त्यात त्या दोघांचा वाटा आहे, नवे लावले तर एका पैशाचाही नाही.