म्हणे, रुमाल बांधला नव्हता!



राळेगणसिद्धीच्या शिवारात नाले अडवले, बांध घातले, आणि कोरडवाहू जमीन कशी पालटते ते आपण डोळ्यांनी पाहिलं. पावसाचं पाणी अडवणं गावाच्या हातात होतं. बाटलीतलं विष कारखान्यातून येतं. ते अंगावर आलं तर जाब कुणाला विचारायचा? शेतकीच्या पदवीत माझ्याकडून औषधाच्या मात्रा घोकून घेतल्या. त्या औषधानं माणूस मेला तर कायदा काय म्हणतो, यावर एक तासही झाला नाही.

2017 चा खरीप आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसएक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं मेले, शेकडो दवाखान्यात पडले. लगेच शहाणे बोलू लागले : हातमोजे नव्हते, रुमाल बांधला नव्हता, वारा पाहिला नाही. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत, ऑक्टोबरच्या उन्हात, रबरी कोट चढवून यांनी एक पंप तरी मारून दाखवावा! ज्या रीतीनं औषध वापरायला सांगता ती रीत इथं पाळताच येत नसेल, तर ते इथं विकणाऱ्याचा काहीच दोष नाही? दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी 2020 साली सिंजेंटाविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. कंपनीनं जबाबदारी नाकारली.

आपल्याकडे तेव्हा 1986 चा ग्राहक कायदा होता. उत्पादकाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण 2019 च्या कायद्यात आलं आणि जुलै 2020 पासून लागू झालं. माल सदोष असेल, किंवा वापराची सूचना नि धोक्याचा इशारा पुरेसा नसेल, तर झालेल्या इजेची भरपाई मागता येते. शेतकरी ग्राहकच नाही, हा बियाणे महामंडळाचा युक्तिवाद सुप्रीम कोर्टानं 2012 सालीच फेटाळला आहे. खरेदीदाराच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कायद्यानं ग्राहकच. म्हणजे फवारणारा मजूरसुद्धा.

आणि इथंच मेख मारून ठेवली आहे. कलम 87 वाचा. माल मालकानं कामाच्या जागी वापरायला घेतला आणि कंपनीनं मालकाला इशारा दिलेला असला, तर इशारा अपुरा होता म्हणून कंपनीवर दावा चालत नाही. कारखान्यासाठी ही तरतूद शोभेल. आपल्याकडे ‘मालक’ कोण? पाच एकरांचा, कर्जात बुडालेला धनी, जो उद्या स्वतःच दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जातो! कंपनी बोट दाखवणार धन्याकडे, आणि मजुराची विधवा धन्याच्या दारात उभी राहणार. गरिबाला गरिबाशी झुंजवायचं, मधल्यामध्ये कंपनी मोकळी.

तोवर हातात आहे ते सोडू नका. कृषी सेवा केंद्रातून पक्की पावती घ्या, बॅच नंबर त्यावर लिहून घ्या. विषबाधा झाली तर बाटली फेकू नका. तोंड बंद करून, मुलांपासून दूर, जपून ठेवा. डॉक्टरांना औषधाचं नाव सांगून कागदावर नोंदवायला लावा. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ती आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात चालते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही.

कलम 87 मधून शेतीची फवारणी वगळा, असा ठराव मी जिल्हा बैठकीत मांडणार आहे. येताना औषधाच्या खोक्यातलं घडीचं माहितीपत्रक आणा. भिंगाशिवाय ते कुणाला वाचता येतं, ते सभेतच पाहू.