सिनेमा संपतो, हिशेब राहतो: सायन्स फिक्शनमध्ये 'पार्ट टू'ची उधारी का वाढते?

सोलापूरच्या नवी पेठेत मोबाइलच्या दुकानात ज्यांचा दिवस जातो, त्यांनी '२.०' जरा धसक्यानंच पाहिला असेल. २०१८च्या या सिनेमात लोकांच्या हातातले, दुकानांतले फोन आपोआप उडून जातात. ते दृश्य आजही आठवतं. पुढे काय झालं, हे मात्र आठवायला वेळ लागतो.

दोष स्मरणशक्तीचा नाही, पटकथेचा आहे. मोबाइल टॉवरमुळे पक्षी मरतात म्हणून पेटून उठलेल्या पक्षीराजनला सिनेमा खलनायक करतो, संपवतो आणि शेवटी त्याचं म्हणणं बरोबर होतं, असंही सांगतो. फोन का उडतात, याचं उत्तर 'ऑरा'त सापडतं. अडचण आली की नवा नियम! काहीही होऊ शकतं म्हटल्यावर प्रेक्षकाला कशाचीच धास्ती उरत नाही.

याच शंकरच्या २०१०च्या 'रोबोट'मध्ये असं नव्हतं. चिट्टीला भावना मिळाल्या, म्हणून तो आपल्या निर्मात्याच्या होणाऱ्या बायकोच्या प्रेमात पडला. त्यापायी लष्करासमोरचं प्रात्यक्षिक फसलं, म्हणून वसीगरननं त्याची मोडतोड केली आणि म्हणूनच तो नको त्या हातात पडला. प्रत्येक 'म्हणून' पक्का. या सिनेमाच्या लेखनात सुजाता या टोपणनावानं लिहिणारे तमिळ विज्ञानकथाकार होते, पेशानं इंजिनीअर. २००८मध्ये त्यांचं निधन झालं. दुसऱ्या भागाला पैसा कितीतरी जास्त मिळाला, ते मात्र नव्हते.

मराठी वाचकाला ही शिस्त नवी नाही. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. एक वैज्ञानिक कल्पना घ्यायची आणि तिचे परिणाम माणसाच्या आयुष्यावर नेऊन आदळायचे. त्याला ग्राफिक्सचा खर्च शून्य.

मग चाहते कमकुवत पटकथेवर चिडत का नाहीत? चिडतात, पण थोडा वेळ. नंतर ते स्वतःच लेखक होतात. पटकथेतलं भोक त्यांच्या लेखी 'रहस्य' ठरतं, त्यावर तर्क लढवले जातात आणि उत्तर पुढच्या भागात मिळेल, असं गृहीत धरलं जातं. म्हणजे पहिला भाग जितका अर्धवट, तितकी दुसऱ्याकडून अपेक्षा मोठी. निर्मात्यांनाही हे सोयीचंच आहे. बाजारपेठेतल्या भाषेत सांगायचं तर, माल अर्धा देऊन पैसे पूर्ण घेतले आणि गिऱ्हाईक तरीही पुढच्या खेपेची वाट पाहतंय.

'कल्की २८९८ एडी' हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. २७ जून २०२४ रोजी तो आला. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. प्रभासचा सिनेमा इथे 'बाहेरचा' नसतोच. काशी, वर तरंगणारं कॉम्प्लेक्स, अश्वत्थामा झालेले अमिताभ बच्चन: हे जग खरोखर दिमाखदार आहे. सहा टनांची बुज्जी तर प्रत्यक्ष चालणारी गाडी म्हणून बनवली होती. पण तीन तासांतला बराचसा वेळ भैरवाच्या मारामाऱ्या आणि पाहुण्या कलाकारांच्या दर्शनात जातो. भैरव म्हणजे पूर्वजन्मीचा कर्ण, हे अगदी शेवटी उलगडतं. यास्किन गांडीव उचलतो आणि पडदा पडतो. कथा जिथे सुरू व्हायला हवी, तिथे तिकिटाचे पैसे संपलेले असतात.

या उधारीची खरी परीक्षा आता आहे. अख्खी कथा कल्कीला पोटात वाढवणाऱ्या सुमतीभोवती फिरते. तिची भूमिका करणारी दीपिका पदुकोण दुसऱ्या भागात नसेल, असं निर्मात्यांनी सप्टेंबर २०२५मध्ये जाहीर केलं. चाहत्यांनी इतके दिवस जुळवत आणलेल्या तर्कांच्या मध्यभागी हीच व्यक्तिरेखा होती. चेहरा बदलला तरी चालेल. पण तिला भैरवाच्या हाती सोडून पहिला भाग का थांबवला, याचं उत्तर कोणत्याही ग्राफिक्स स्टुडिओत तयार होणार नाही. ते कागदावरच लिहावं लागेल.