वासाचा फोटो निघत नाही

वाघोलीत आमच्या सोसायटीचं पाणी टँकरने येतं. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आईने पेला तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"अरे, हे पिऊ नकोस. गटाराचा वास येतोय."

मी पेला उजेडात धरला. "स्वच्छ तर दिसतंय गं."

"दिसतंय. वास घे."

वास होता. पुसट, पण होता.

सोसायटीच्या अ‍ॅपवर तक्रार टाकायला गेलो, तर फोटो सक्तीचा. शेवटी पेल्याचाच फोटो टाकला. दुपारी तक्रार बंद झाली: 'पाणी स्वच्छ दिसत आहे.' ग्रुपवर एका काकांनी वर ज्ञानही दिलं. माकडांना रंग दिसायला लागले तेव्हाच आपलं नाक कामातून गेलं, म्हणे. सायन्स आहे.

चार दिवसांनी टाकीशेजारी खोदलं. फुटलेल्या ड्रेनेज लाइनचं पाणी टाकीत झिरपत होतं. तोवर आमच्या मजल्यावरची दोन मुलं जुलाबाने आडवी झाली होती.

म्हणून काकांच्या सायन्सशी भांडायचंय. ते निव्वळ थाप असतं तर सोडून दिलं असतं. पण ते अर्धं खरं आहे.

खरं काय, ते आधी. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोन प्रकारच्या असतात. सुमारे 3 ते 4 कोटी वर्षांपूर्वी आशिया-आफ्रिकेतल्या माकडांच्या पूर्वजात एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकाची जादा प्रत तयार झाली. पुढे एक प्रत हिरव्याकडे झुकली, दुसरी लालकडे. कोड कॉपी-पेस्ट करून एखादी व्हॅल्यू बदलावी, तसं. सिंहगडावर तुमच्या हातातली पिशवी पळवणाऱ्या माकडाकडे आणि तुमच्याकडे आहे ती हीच दृष्टी.

नाकाची पडझडही खरी आहे. वास ओळखणारी चालू जनुकं उंदरात हजाराच्या वर, आपल्यात सुमारे 400. जवळपास तितकीच मोडकी जनुकं आपल्या जीनोममध्ये कॉमेंट केलेल्या कोडसारखी पडून आहेत. 2004 मध्ये योआव गिलाद आणि सहकाऱ्यांनी 19 प्रायमेट प्रजातींतली प्रत्येकी 100 जनुकं तपासली. ज्यांना तीन रंगांची दृष्टी, त्यांच्यात मोडक्या जनुकांचं प्रमाण जास्त. डोळे आले, नाक गेलं! गोष्ट देखणी होती, म्हणून पसरली.

पुढचा भाग मात्र फॉरवर्ड झाला नाही. 2010 मध्ये मात्सुई, गो आणि निइमुरा यांनी नमुन्यावर न थांबता पूर्ण जीनोम तपासले. मार्मोसेट हे दक्षिण अमेरिकेतलं चिमुकलं माकड. त्याच्या नरांकडे दोनच प्रकारचे शंकू. काकांच्या हिशोबाने त्याचं नाक शाबूत हवं. त्याची चालू जनुकं निघाली 366. माणसाची 396.

2018 मध्ये निइमुरांच्या गटाने 24 प्रजाती पाहिल्या. रंगदृष्टीशी या जनुकांच्या संख्येचा ठोस संबंध दिसला नाही. आहाराशी दिसला. मोठी गळती दोन वळणांवर झाली होती. पहिलं फार जुनं: ओल्या नाकाच्या लाजवंतीपासून कोरड्या नाकाची आपली शाखा वेगळी झाली तेव्हाचं. तिथे नजर तीक्ष्ण होण्याचा वाटा असू शकतो, हे मान्य. दुसरं वळण पानं खाणाऱ्या माकडांच्या पूर्वजाचं. आपल्याकडचं काळ्या तोंडाचं वानर याच शाखेतलं. दिवसभर पानं खाणाऱ्याला पिकलं फळ वासावरून शोधायची गरज कमी. म्हणजे 'रंग घे, नाक दे' असा सौदा झालाच नव्हता.

शिवाय जनुकं कमी म्हणजे नाक निकामी, हेही चूक. माणसाला वासाच्या बाबतीत कमी लेखण्याची परंपरा 19व्या शतकातल्या पॉल ब्रोकापर्यंत जाते. 2017 मध्ये जॉन मॅकगॅन यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं की तो समज पुराव्यावर उभाच नाही. काही वासांना तर आपण उंदीर-कुत्र्यांपेक्षाही संवेदनशील आहोत.

इतकं लांब तरी कशाला? स्वयंपाकघरात जा. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. त्यात इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात, गळती नाकाला कळावी म्हणून. अख्ख्या देशाच्या स्वयंपाकघरांची सुरक्षा ज्या नाकाच्या भरवशावर सोडली आहे, त्याला काका 'कामातून गेलेलं' म्हणतात.

आता माझा गुन्हा. पोटापाण्यासाठी मी असेच फॉर्म लिहितो. 'फोटो सक्तीचा' ही एक ओळ असते. ती लिहिताना कधी हात अडखळला नाही, कारण फोटो म्हणजे पुरावा आणि वास म्हणजे कुणाची तरी कुरकुर, हे मीही धरून चाललो होतो. ही कुरकुर बहुतेक वेळा घरातल्या बाईची असते, कारण पाणी भरणारी, दूध तापवणारी तीच. माझी आई बरोबर होती आणि सिस्टिमने तिला खोटं पाडलं. उत्क्रांतीने नाही, माझ्यासारख्या एका इंजिनिअरने.

तुमच्यातले निम्मे माझ्याच धंद्यातले असतील. सोमवारी कोड उघडाल तेव्हा ती सक्ती काढा आणि 'वास येतोय' एवढं लिहिलेली तक्रारही पुढे जाऊ द्या. बाकीच्यांनी घरात कुणी पेला खाली ठेवला, तर तो उजेडात धरत बसू नका. आधी वास घ्या.