एकच नमुना, तीन दलाल

सांगलीच्या हळदीच्या पेठेत दोन पिढ्या व्यापार करणाऱ्या एका घरातील मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर तपासणीचे काम करीत होता. कंपनीने प्रकल्प गुंडाळला आणि चार वर्षांच्या अनुभवाची शिदोरी घेऊन तो घरी बसला. घर तेही भाड्याचे. हिंजवडीजवळच्या नव्या सदनिकेचा ताबा अजून मिळावयाचा होता. कर्जाचा 41 हजारांचा हप्ता मात्र दरमहा 5 तारखेला खात्यातून वळता होऊ लागला होता. कायम नोकरीच्या मुलाखती लांबत चालल्या, तेव्हा त्याने एक वर्षाच्या कंत्राटी कामाकडे मोर्चा वळविला.

नोकरीच्या संकेतस्थळावर माहिती अद्ययावत करताच दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. एक एजन्सी बेंगळुरूची, दुसरी नोएडाची, तिसरी पुण्यातलीच. तिघांचीही भाषा जवळजवळ सारखी होती: ‘एका नामांकित वित्तसंस्थेचे काम आहे, जागा पुण्यात, मुदत वर्षाची, पुढे वाढू शकेल, बायोडाटा आणि पॅन क्रमांक आत्ताच्या आत्ता पाठवा.’ संस्थेचे नाव कोणीच सांगितले नाही. तीन दारे ठोठावली तर एक तरी उघडेल, या हिशेबाने त्याने तिघांनाही होकार दिला. आठ दिवसांनी तिसऱ्या एजन्सीचा निरोप आला. ‘तुमचे नाव आमच्याआधी दोन ठिकाणांहून गेले आहे, कंपनीने तुमचा अर्ज बाद केला.’ पहिल्या दोघांनी तर फोन उचलणेच बंद केले. तीन दारे वाटली होती, ती एकाच खोलीची निघाली. शिवाय त्या खोलीत त्याचे नाव तीन निरनिराळ्या दरांनी पोहोचले होते.

रविवारी त्याने हे सारे वडिलांच्या कानी घातले. अण्णांना संगणकातले काही कळत नाही, परंतु व्यवहार त्यांना पूर्ण कळला. ते म्हणाले, “एकाच मालाचा नमुना तीन दलालांच्या हाती दिलास आणि तिघेही एकाच पेढीवर गेले. घेणारा काय समजेल? माल पडून आहे, नाहीतर विकणाऱ्याच्या शब्दाला ठिकाणा नाही. आम्ही राजापुरीची पुडी दलालाकडे देतो, तेव्हा कोणत्या गावी, कोणत्या पेढीला दाखवणार, हे आधी विचारतो.”

या व्यवसायाची रचना समजून घेतली म्हणजे अण्णांच्या बोलण्यातील मर्म ध्यानात येते. मोठी कंपनी एका जागेची मागणी आपल्या यादीवरील अनेक एजन्सींना एकाच वेळी कळविते. त्यांतील काही एजन्सी तीच मागणी पुढे लहान एजन्सींकडे सोपवितात. ज्याचा उमेदवार रुजू होईल, कमाई त्याचीच. बाकीच्यांचे श्रम वाया. त्यामुळे उमेदवाराचे नाव कंपनीच्या प्रणालीत सर्वांआधी कोण चढवितो, याचीच शर्यत लागते. ती प्रणाली पॅन, मोबाईल क्रमांक किंवा ई-मेलवरून एकच व्यक्ती दोनदा आल्याचे क्षणात ओळखते. काही कंपन्या पहिल्या नोंदीला मान देतात, काही उमेदवाराच्या लेखी संमतीला. आणि पुष्कळशा, कमिशनचा तंटा आपल्या दारी नको म्हणून, अर्जच बाजूला सारतात. चूक कोणाचीही असो, भुर्दंड उमेदवारालाच बसतो. कंपनीचे नाव गुप्त ठेवण्याचे कारणही हेच आहे. नाव कळले तर उमेदवार थेट जाईल किंवा दुसऱ्या एजन्सीला सांगेल, ही भीती असते. तेव्हा ही लपवाछपवी म्हणजे दरवेळी लबाडीच असे नव्हे. तथापि तिची किंमत मोजतो तो उमेदवार.

येथे एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. एजन्सी गोड बोलते, ‘आम्ही तुमच्यासाठी प्रयत्न करीत आहोत’ असे म्हणते. म्हणून तरुणांना ती आपली प्रतिनिधी वाटते. 1872 च्या भारतीय करार कायद्यात एजंटाची व्याख्या आहे: दुसऱ्यासाठी एखादे कृत्य करण्यास, अथवा तिसऱ्या व्यक्तीशी होणाऱ्या व्यवहारात त्याचे प्रतिनिधित्व करण्यास नेमलेली व्यक्ती. कंत्राटी भरतीत पैसा कंपनी मोजते. साहजिकच उमेदवाराची जागा बहुधा त्या ‘तिसऱ्या व्यक्ती’ची असते. अडत कोणी द्यावयाची, हा प्रश्न व्यापारी मंडळींना नवा नाही. महाराष्ट्रात 2016 साली फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले, तेव्हा त्यावरून बाजार किती तापले होते ते अनेकांना आठवत असेल. अडत देणाऱ्याकडे अडत्याचे लक्ष अधिक असते, यात नवल ते काय? नवल आहे ते उमेदवाराकडूनच ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्यांचे. असे शुल्क मागितले जाताच फोन ठेवावा.

अण्णांच्या सांगण्यावरून मुलाने एक वही घातली. तारीख, एजन्सीचे नाव, बोलणाऱ्याचे नाव, कंपनी, जागा, दर, संमती दिली की नाही, असे रकाने पाडले. नियम एकच ठेवला: कंपनीचे नाव कळल्याखेरीज बायोडाटा पाठवावयाचा नाही, आणि संमती द्यावयाची ती ई-मेलने, त्या एका कंपनीपुरती, त्या एका जागेपुरती व ठराविक मुदतीपुरती. भरतीच्या धंद्यात अशा संमतीपत्राची पद्धत रूढ आहे. परंतु एजन्सीने पाठविलेला मजकूर न वाचता ‘मान्य’ असे उत्तर देणारेच अधिक. त्या मजकुरात पुष्कळदा ‘सहा महिने अन्य कोणामार्फत अर्ज करणार नाही’ असे वाक्य असते, आणि ते एका कंपनीपुरते आहे की सरसकट, यावर सहा महिन्यांचे भवितव्य अवलंबून राहते.

वही भरू लागली तशी आणखी एक गोष्ट उघडकीस आली. फसलेल्या त्या पहिल्या व्यवहारात तीन दर होते: 95 हजार, 1 लाख 5 हजार आणि 1 लाख 20 हजार. मुलगा हळहळत होता तो शेवटच्या आकड्यासाठी. अण्णांनी विचारले, “बारदानासह की बारदान वगळून?” प्रश्न अचूक होता. पहिला आकडा पगाराचा होता. मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा 1,800 रुपयांचा हिस्सा त्यावर वेगळा, रजा भरपगारी आणि विमा एजन्सीचा. दुसऱ्या आकड्यात हा हिस्सा आणि विम्याचा हप्ता आतच धरलेला होता. तिसरा आकडा पगाराचा नव्हताच. ती व्यावसायिक फी होती. तिच्यातून 10 टक्के उद्गम कर कापला जाणार. तो विवरणपत्रात वळता होतो, परंतु तोवर हाती येत नाही. निधी नाही, विमा नाही, ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी पैसा नाही. महिन्याला 22 दिवस काम धरले, तर वर्षात 20 दिवस सणवार-आजारपणात गेल्यास सुमारे 1 लाख 9 हजार रुपये कमी होतात. कुटुंबाच्या आरोग्यविम्याचे 24 हजार धरले, तर महिन्याला उरतात सुमारे 1 लाख 9 हजार. पहिल्या दराची बेरीज 96,800. म्हणजे तिसरा दर तरीही सरसच. मात्र 25 हजारांचा फरक निम्म्यावर आला. पगारदाराला मिळणारी प्रमाणित वजावट तर यात धरलेलीच नाही.

महिन्याभराने खरी कसोटी आली. पुण्यातल्या एका लहान एजन्सीतील बाईंनी पॅन मागण्यापूर्वीच कंपनीचे नाव सांगितले, कामाचे स्वरूप समजावून दिले. दर 98 हजार, पगाराचा. त्याने लेखी संमती दिली. चौथ्या दिवशी बेंगळुरूच्या एका मोठ्या एजन्सीचा फोन आला. कंपनी तीच, जागा तीच, पगारच; परंतु दर 1 लाख 10 हजार. “आधीचा मेल विसरा. आमचे तिथे थेट संबंध आहेत. फक्त संमतीचे एक उत्तर टाका.” बचत सरत आली होती. बारा हजारांचा फरक वर्षाला 1 लाख 44 हजारांचा होतो, हे गणित त्याने फोन चालू असतानाच मांडले.

त्याने उत्तरासाठी तासाभराची मुदत मागितली आणि सांगलीला फोन लावला. अण्णांनी एवढेच विचारले, “पहिल्याने माल पेढीवर नेला आहे का? नेला नसेल तर त्याला सांगून परत घे. नेला असेल तर विषय संपला.”

मुलाने बाईंना लिहून विचारले. अर्ध्या तासात उत्तर आले. नाव तीन दिवसांपूर्वीच चढविले होते, नोंदीचे चित्र सोबत होते. दुसरीकडे मिळत असलेला दरही त्याने त्यांना मोकळेपणाने सांगितला. त्या म्हणाल्या, “कळविलेला दर आता बदलता येणार नाही. मुदतवाढीच्या वेळी मागा, मी शब्द टाकीन.” बेंगळुरूला त्याने नकार कळविला. पलीकडच्या गृहस्थांनी, ‘संधी गमावता आहात’ असे म्हणून फोन ठेवला. त्या रात्री त्याला झोप आली असेल असे वाटत नाही.

दोन मुलाखती झाल्या आणि तीन आठवड्यांनी निवडीचे पत्र आले. करारात एक अट होती की, कंत्राट संपल्यावर वर्षभर त्या कंपनीत थेट नोकरी धरल्यास भरपाई द्यावी लागेल. धंद्यास वा नोकरीस आडकाठी करणारे करार त्याच करार कायद्याच्या 27 व्या कलमान्वये सामान्यतः निरर्थक ठरतात. तरी सही करण्यापूर्वी त्याने घरच्या वकिलांना तो कागद दाखविला, हे बरे केले. मागच्या कंपनीचा यूएएन क्रमांकही दिला, म्हणजे निधीचे खाते अखंड राहील.

लहान एजन्सीची दुसरी बाजूही लवकरच दिसली. कंपनी एजन्सीचे बिल अनेकदा दीड-दोन महिन्यांनी चुकते करते. एजन्सीला पगार मात्र दरमहा द्यावा लागतो. भांडवल बेताचे असेल तर ओढाताण होते. पहिला पगार 7 तारखेला जमा झाला, आणि हप्त्याची तारीख 5. बाईंनी तसे आधीच कळविले होते. त्या महिन्यात अण्णांनी सांगलीहून 41 हजार रुपये पाठविले, 8 तारखेला परत घेतले, आणि दोन्ही नोंदी आपल्या वहीत मुलाच्या नावे टाकल्या.