शिक्षकांना विचारून प्रशिक्षण



शिक्षकांचे प्रशिक्षण बहुधा सुटीत किंवा रविवारी ठेवले जाते. विषय व्यवस्थापन ठरवते आणि आम्ही मुख्याध्यापक सूचनेच्या वहीवर सह्या घेतो. ज्यांना वर्गात उभे राहायचे आहे, त्यांना विचारण्याची पद्धत नाही.

कारखान्यांसाठी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मालक आणि कामगार यांच्या संयुक्त समितीची तरतूद होती. गोव्यातील एका शिक्षिकेने नोकरी गेल्यावर याच कायद्याकडे दाद मागितली. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षक हा या कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे, अध्यापन हे उदात्त कार्य आहे. मान मिळाला, पण समितीतली खुर्ची गेली! पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या आणल्या, मात्र विनाअनुदानित शाळा त्यातून वगळल्या.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण मिळावे असे म्हटले आहे, आणि तेही त्याच्या स्वतःच्या रुचीप्रमाणे. हे शेवटचे शब्द सोयीस्करपणे विसरले जातात. आपल्या आबिड्स परिसरातील मूल घरी मराठी बोलते, रस्त्यावर दक्खिनी, शाळेत इंग्रजी. त्यात २०१८ च्या कायद्याने तेलुगू सक्तीची झाली. अशा मुलाला कसे शिकवावे, याचे प्रशिक्षण बाईंना हवे असते. पाठवले जाते स्मार्ट बोर्ड शिकायला.

मुख्याध्यापकच शिक्षकांचे प्रतिनिधी, असे काही जण म्हणतात. मी स्वतः मुख्याध्यापक असूनही मला हे पटत नाही. जो रजा मंजूर करतो आणि गोपनीय अहवाल लिहितो, त्याच्यापुढे कोण मोकळे बोलेल? शिक्षकांनी गुप्त मतदानाने आपला एक प्रतिनिधी निवडावा, कारकून व शिपाई मंडळींनी आपला एक. प्रशिक्षणाचा विषय ठरवताना या दोघांचे मत इतिवृत्तात लिहिले जावे.

आणि प्रशिक्षण शाळेच्या वेळेतच व्हावे. १० महिन्यांत ५० तास म्हणजे महिन्याला ५, अर्थात दोन शनिवारी अडीच-अडीच तास. त्या दिवशी मुले लवकर घरी येतील. नोकरी करणाऱ्या पालकांची अडचण होईल, तक्रारीही येतील. त्या कृपया माझ्याकडे कराव्यात, वर्गशिक्षिकेकडे नव्हे.